दोन्ही रात्री एकच बाजू

झाशीत बसून मी प्लूटोच्याही पल्याडच्या बर्फाचा अभ्यास करते असं सांगितलं की लोकांना हसू येतं. इलाइट चौराह्यावरचा झेरॉक्सवाला एकदा म्हणाला, "मॅडमजी, यहाँ जून में नल से चाय का पानी आता है, और आप बर्फ ढूँढ रही हैं?" मी म्हटलं, "भैया, इसीलिए तो ढूँढ रही हूँ." तो हसला, मीही हसले. तोवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढे जे झालं ते तसं नेता येत नाही आणि त्या बिचाऱ्या झेरॉक्सवाल्याला सांगताही येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं घर इथलं जुनं मराठी घर. पूर्वज देवळातल्या पूजेअर्चेसाठी आले आणि इथलेच झाले. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी, आणि स्वयंपाकघरात दोन्हीची खिचडी. पीएचडीसाठी पुण्याला गेले तेव्हा माझी समजूत होती की आपल्याला मराठी येतं. वसतिगृहात माझ्या खोलीत साताऱ्याची एक मुलगी होती, माझ्याच विषयाची. पहिल्याच सकाळी मी तिला आतून ओरडून सांगितलं, "मी आंघोळ करून राहिलेय!" ती बाहेरून म्हणाली, "राहा बाई, कायमची राहा, मी जेवण आत पाठवते." आणि पोट धरून हसत सुटली. मला राग आला, पण टिकला नाही. तिच्यावर राग धरणं मला कधी जमलंच नाही. तिथेच सगळं चुकलं बहुतेक.

पुढची सगळी वर्षं आम्ही एका खोलीत, एकाच सरांच्या हाताखाली आणि एकाच डब्यावर काढली. तिला ताप आला की मऊ भात मी करायचे. माझा कॉम्प्युटर अडला की त्याला अस्सल सातारी शिव्या ती घालायची. तिचं लग्न झालं त्या हिवाळ्यात ती झाशीला आमच्याकडे राहून गेली. लक्ष्मी तालाजवळच्या महालक्ष्मीला आम्ही दोघी गेलो, तळ्याच्या काठी पेरू खाल्ले, फोटो काढले. निघताना तिची ओटी भरायला माझी आई नव्हती, ती आधीच वारली होती. बिनलग्नाच्या मुलीनं ओटी भरू नये असं शेजारच्या काकू पुटपुटल्या. बाबा म्हणाले, "पोर माहेराहून रिकाम्या पदरानं जायची नाही. तूच भर गं." मी भरली. खण, नारळ, तांदूळ. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं असं मला अजूनही वाटतं. म्हणून तर जास्त जळतं.

दोघींनाही परदेशातून पुढच्या संशोधनाची बोलावणी आली. ती गेली. माझं सामान बांधून तयार होतं आणि बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. मी झाशीला आले, जवळच्या टहरौली गावातल्या एका डिग्री कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागले. सकाळची बस, दुपारची बस, घरी आल्यावर बाबांचा व्यायाम, मग उरलेल्या वेळात माझा बर्फ. कोणी कीव केली की मला चीड यायची. एक तीच कीव करत नसे. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा, तिच्याकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असायची. आधी बाबांशी बोलायची, मग माझ्याशी, आणि सुरुवातच अशी व्हायची, "बोला झाशीकर, काय नवीन बर्फ?"

हा बर्फ काय प्रकार आहे ते थोडक्यात सांगते. तिकडे जाऊन कोणी त्याला हात लावत नाही. दुर्बिणीत येतो तो उजेडाचा एक ठिपका, सूर्याचाच उजेड, तिथल्या बर्फावर आपटून परत आलेला. तो उपकरणातून रंगारंगांत पसरवायचा आणि कुठले रंग कमी झालेत ते पाहायचं. आपल्या डोळ्यांना न दिसणारे, तांबड्याच्या पलीकडचे रंग. प्रत्येक बर्फ आपापले ठरलेले रंग खातो, आणि आलेखात तिथे खळगे पडतात. पाण्याच्या बर्फाचे वेगळे, मिथेनच्या बर्फाचे वेगळे. नायट्रोजनचा बर्फ मात्र महालबाड. तो जवळजवळ काहीच खात नाही, म्हणून सरळ दिसत नाही. पण मिथेन त्याच्यात विरघळलेला असेल तर मिथेनचे खळगे आपल्या जागेवरून किंचित सरकतात. मी तिला फोनवर म्हणायचे, "नायट्रोजन स्वतः तोंड दाखवत नाही गं, त्याला संगतीवरून ओळखायचा." तिला ते वाक्य फार आवडायचं.

प्लूटोच्या पलीकडे एक बटुग्रह आहे. त्याच्यावर मिथेन आहे हे सगळ्यांना ठाऊक. माझं म्हणणं असं होतं की त्याच्या एकाच बाजूला नायट्रोजन साचलेला असावा. तसं असेल तर तिथला बर्फ उन्हानं उडतो आणि दुसरीकडे जाऊन गोठतो, म्हणजे एवढ्या थंडीतही तो गोळा अजून मेलेला नाही. जुन्या, सर्वांना खुल्या असलेल्या नोंदींमध्ये मला त्याची चाहूल लागली होती, पण त्या नोंदी फार कच्च्या. मोठ्या दुर्बिणीच्या दोन रात्री हव्या होत्या. एका रात्री एक बाजू पाहायची, दुसऱ्या रात्री पाठची, आणि दोन्हीकडचे खळगे एकमेकांशेजारी ठेवायचे. सरकलेले दिसले तर जिंकलो. पुण्याच्या सरांनी सांगून ठेवलं होतं, "त्या दोन रात्री मिळव. मग तुला इथे परत घेतो, झाशीतून काम केलंस तरी चालेल." माझं सगळं त्या दोन रात्रींवर होतं. नाहीतर आहेच, टहरौलीची बस आणि आरशांचे नियम.

हे सगळं मी तिला सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, बडबडले. रविवारमागून रविवार. कुठला ग्रह, कुठली दुर्बीण, दोन रात्रींमध्ये किती अंतर. ती मध्येमध्ये "हं, मग?" म्हणायची. एवढ्या मोठ्या झाशीत "हं, मग?" म्हणणारं मला दुसरं कोण होतं?

आता ह्यातली माझी चूक. दोन बाजू पाहायच्या तर तो गोळा स्वतःभोवती फिरायला किती वेळ घेतो ते माहीत हवं. ते त्याच्या उजेडाच्या चढउतारावरून काढतात. पुण्यात आम्ही दोघी लहान लघुग्रहांवर काम करायचो. ते धोंडे लांबुळके, बटाट्यासारखे. बटाटा हातात फिरवून बघा, त्याची रुंद बाजू एका फेरीत दोनदा समोर येते. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत सवयच होती की दोन चढउतार मिळून एक फेरी धरायची. हात आपोआप दोननं गुणायचा. मी इथेही तेच केलं, आणि तिला सांगितलेलं दोन रात्रींमधलं अंतर त्याच हिशोबाचं होतं.

दिवाळीत बाबांसाठी बेसनाचे लाडू वळत होते. एकावर बेदाणा दाबला आणि लाडू बोटांत फिरवला. बेदाणा एका फेरीत एकदाच समोर आला. मी तशीच तुपट हातांनी उभी राहिले. अगं बाई! बटुग्रह म्हणजे स्वतःच्या वजनानं गोल झालेला गोळा. तो बटाटा नव्हेच, तो लाडू आहे. त्याचा उजेड चढतो-उतरतो तो एखाद्या डागामुळे, म्हणजे एकच चढउतार ही पुरी फेरी. मी फेरी दुप्पट धरली होती. आणि दुप्पट धरून काढलेल्या अंतरानं पाहिलं असतं तर पाठची बाजू येईपर्यंत थांबलो असं वाटलं असतं, पण तो गोळा फेरी पुरी करून पहिलीच बाजू घेऊन समोर आला असता. दोन्ही रात्री एकच बाजू! मी इतक्या मोठ्यानं हसले की बाबा तिकडून "काय झालं, काय झालं" करायला लागले.

त्या रविवारी मला तिला हेच सांगायचं होतं. "अगं, आज जरा घाईत आहे," ती म्हणाली. पुढच्या रविवारीही घाई. त्याच्या पुढच्या रविवारी फोनच नाही. मला वाटलं, असेल बाई काम, परदेशातलं आयुष्य. मी माझा अर्ज दुरुस्त केला, नवं अंतर घातलं आणि पाठवून दिला.

आमच्या धंद्यात हल्ली एक पद्धत आहे. दुर्बिणीच्या वेळेसाठी ज्यानं अर्ज केला, त्यानंच इतरांचे काही अर्ज तपासून गुण द्यायचे. तपासले नाहीत तर तुमचाही अर्ज बाद. आणि अर्जांवर नावं नसतात. कोण, कुठला, काही लिहायचं नाही, म्हणजे टहरौलीची बाई आणि मोठ्या विद्यापीठाचा साहेब एका पंक्तीत बसतात. मला ती पद्धत फार आवडायची. माझ्या वाट्याचे अर्ज आले, एका दुपारी मी चहा घेऊन वाचायला बसले. पहिला धूमकेतूंचा. दुसरा कसल्याशा कड्यांचा. तिसरा माझा.

माझा नव्हे, पण माझाच. तोच बटुग्रह, तेच मिथेनचे सरकलेले खळगे, त्याच दोन बाजू. दुसऱ्या पानावर सफाईदार इंग्रजीत लिहिलेलं, नायट्रोजन स्वतःला दाखवत नाही, तो त्याच्या संगतीवरून ओळखावा लागतो. माझं मराठी वाक्य इंग्रजी कपडे घालून माझ्यासमोर बसलं होतं. तरी मन म्हणत होतं, असेल, जगात दोघांना एकच सुचतं. मग दोन रात्रींमधलं अंतर वाचलं. माझं जुनं अंतर. बटाट्याचं. जगात हे अंतर एकाच माणसाला मी सांगितलं होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ते त्या दिवशी कळलं. खुर्चीतून उठले, पुन्हा बसले. चहावर साय धरली तरी हात लावला नाही. घाईत आहे म्हणे! माझाच अर्ज लिहायच्या घाईत होती बया. केसानं गळा कापला माझा, आणि तोही "काय नवीन बर्फ?" असं गोड विचारून विचारून.

आणि वर माझी पंचाईत बघा. मी तिची परीक्षक. गुण कमी देऊ? अर्ज खरंच कमकुवत होता, दोन्ही रात्री एकच बाजू दिसणार होती. पण कमी गुणांचं कारण लिहावं लागतं, आणि ते शेरे अर्जदाराकडे जातात. म्हणजे चूक दाखवली की माझी दुरुस्ती तिच्या हातात, ह्या खेपेला नाही तर पुढच्या खेपेला. उरलंसुरलंही मीच तिला पोचतं करायचं. चूक न दाखवता नुसते गुण कापायचे, तर तो खोटेपणा. माझ्याच कल्पनेला मी वाईट कशी म्हणणार? ती चांगलीच होती.

नियम असा की अर्जदाराशी आपला संबंध असेल तर तसं कळवून बाजूला व्हायचं. मी तेच केलं. परीक्षा घ्यायला बसून स्वतःचं घोडं पुढे दामटणं माझ्यानं झालं नाही. अर्ज माझ्याकडून काढून दुसऱ्या कुणाला दिला गेला. मला वाटलं, तो दुसरा जो कोण असेल त्याला चूक दिसेलच, आणि माझा बरोबर अर्ज वर येईल. मी अगदी निर्धास्त होते.

निकाल लागला. माझा अर्ज नाकारलेला, खाली एका ओळीत कारण, ह्याच विषयावरचा अधिक चांगला मांडलेला प्रस्ताव मंजूर झाला आहे. नाव झाकलं तरी इंग्रजी झाकलं जात नाही, तिचं तिथे राहून घोटलेलं, माझं बसमध्ये लिहिलेलं. चूक कुणालाच दिसली नव्हती, कारण ती आमच्या प्रयोगशाळेची सवय होती आणि दिसायला सरळच होती. मंजूर झालेल्यांची नावं मग उघड करतात. तिचं नाव होतं. मला माहीतच होतं, तरी ते मी दोनदा वाचलं.

त्या रविवारी फोन आला. बाबांना ऐकू यावं म्हणून आम्ही स्पीकरवरच बोलायचो. "अगं, गंमत सांगते," ती म्हणाली, "त्या बर्फाच्या विषयावर मीपण एक अर्ज टाकला होता, बोलले होते ना तुला? झाला की मंजूर!"

बोलले होते ना तुला. काय पण निगरगट्टपणा! मी तोंड उघडणार, एवढ्यात बाबा खुर्चीतून पुढे झुकले. त्यांना एकेक शब्द जुळवावा लागतो. "अभि... नंदन, पोरी," ते म्हणाले. "आमच्या... घरचीच. आनंद झाला." डोळे भरून आले होते त्यांचे. ती म्हणाली, "थँक्यू बाबा, तुमचा आशीर्वाद." मी मूग गिळून बसले. त्या माणसाच्या तोंडचा एवढा आनंद माझ्यानं हिसकावून घेववेना. माझाही अर्ज होता आणि तो नाकारला गेला, हे ते विसरले होते. मी त्यांना पुन्हा सांगितलं नाही.

मग महिने गेले. तिचे फोन येत होते, मी "हो, नाही, बरं" करत होते. तिला काही वेगळं वाटत असेल तर तिनं दाखवलं नाही. सरांना मी कळवलं की रात्री मिळाल्या नाहीत. त्यांनी सहानुभूतीचं लिहिलं आणि त्यांच्याकडची जागा दुसऱ्या कुणाला दिली. त्यांची तरी काय चूक?

परवाच्या रविवारी ती म्हणाली, "तो बर्फाचा विषय आटोपला गं एकदाचा. काही निघालं नाही. दोन्ही रात्रींचे खळगे अगदी सारखे, तिळाएवढासुद्धा फरक नाही. पृष्ठभाग सगळीकडे एकसारखा आहे, तसा लेखही स्वीकारला गेला. बरं झालं तुझा वेळ वाया गेला नाही."

माझा वेळ! त्या गोळ्याची दुसरी बाजू कुणी पाहिलीच नव्हती, आणि आता छापून येणार होतं की तिथे काही नाही. पुन्हा त्याच्यासाठी रात्री मागितल्या तर जो तो हा लेख माझ्या तोंडावर फेकणार. आधी हा लेख चुकीचा ठरवावा लागणार, आणि त्यातली चूक माझीच. मी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला.

"दोन रात्रींमधलं अंतर कुठून आणलंस?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"सरळ विचारतेय. कुठून आणलंस?"

"तूच तर सांगितलं होतंस."

"ते चुकीचं होतं. तो गोळा गोल आहे. आपण सवयीनं दुप्पट धरलं. दोन्ही रात्री तू एकच बाजू बघितलीस."

ती मनात हिशोब करत असणार, हुशार आहेच ती. मला वाटलं आता रडेल. माफी मागेल. मी खरं सांगते, तिनं त्या क्षणी नुसतं "चुकलं माझं" म्हटलं असतं ना, तर मी सगळं गिळलं असतं, दुरुस्त अंतर दिलं असतं, दोघींच्या नावानं अर्ज लिहिला असता. इतकी मी खुळी आहे.

"तुला कधीपासून माहीत होतं?" ती म्हणाली.

"दिवाळीपासून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? माझा लेख छापला जातोय, सगळ्यांसमोर माझं हसं होणार, आणि तू मजा बघत बसलीस?" तिचा आवाज चढला, मग एकदम ओला झाला. "माझा तुझ्यावर किती विश्वास होता गं. निदान तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." आणि तिनं फोन ठेवला.

मी फोन हातात धरून उभी होते. बाबा खुर्चीतून बघत होते, आज त्यांचा निरोप न घेताच फोन का बंद झाला म्हणून.

"काय... म्हणत होती गं?" त्यांनी विचारलं.

"म्हणत होती," मी म्हटलं, "की मी तिला फसवलं."